पुढचा फोटो

श्रेयस मांडवकरच्या पाठीत कटकट वाजतं, हे कोंडशिरंब्यात सगळ्यांना ठाऊक होतं. उजवा हात वर करून तो फळीवरचा डबा काढायला गेला की खांद्याच्या पात्याखालून 'कट्' असा आवाज यायचा, चांगला शेजारच्या खोलीत ऐकू जाईल असा. लग्नानंतर पूर्वाने तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती केवढी दचकली होती! मग कारण कळलं आणि दोघं पोट धरून हसली. "पाठीत उंदीर पाळलायस की काय?" ती विचारायची. "पाळलाय, पण तुझ्यापेक्षा कमी कुरकुरतो," तो म्हणायचा.

गंमत अशी, की पूर्वा तालुक्याच्या रुग्णालयात स्कॅनचं मशीन चालवणारी. दिवसभर लोकांच्या हाडांत डोकावणाऱ्या बाईला नवऱ्याच्या पाठीतला उंदीर बघितल्याशिवाय चैन कसं पडणार? दोन वर्षांपूर्वी तिने त्याला ओढतच नेलं आणि मशीनमध्ये झोपवलं. उंदीर सापडला. पात्याच्या आतल्या अंगाला, बरगड्यांकडे तोंड करून, हाडाचा एक कोंब फुटलेला होता.

अशा कोंबाला एवढं घाबरायचं कारण नसतं. लहानपणी हाडं वाढतात ती टोकाशी असलेल्या कूर्चेमुळे, म्हणजे नाकाच्या शेंड्याला हाताला लागतं तसल्या मऊ हाडामुळे. त्या कूर्चेचा एखादा कण वाट चुकतो, बाजूला जातो आणि तिथेच वाढत बसतो. त्यातून हाडाचा कोंब होतो आणि त्याच्या डोक्यावर कूर्चेची टोपी राहते. माणसाची उंची थांबली की कोंबही थांबतो. श्रेयसचा कोंब हात हलला की बरगडीवर घासायचा आणि वाजायचा, बस्स. डोळ्यांत तेल घालून बघायची गोष्ट एकच होती. वाढ संपलेल्या माणसाची ती टोपी पुन्हा जाड व्हायला लागली, दोन सेंटिमीटरच्या वर गेली, तर आत कॅन्सरने घर केलं असण्याची भीती. श्रेयसची टोपी तीन मिलिमीटर होती. "वर्षातून एकदा बघत जाऊ," हाडांच्या डॉक्टर नाईकवाडी म्हणाल्या. "तोवर वाजू दे त्याला."

मग पुढचा फोटो आला.

कागदोपत्री त्या यंत्रणेचं नाव चांगलं हातभर लांब होतं, ते कुणी घेत नसे. काम मात्र सोपं. मशीन आजचं स्कॅन जुन्या स्कॅनशी ताडून बघायचं, जगभरच्या लाखो हाडांची वाढ त्याला तोंडपाठ होती, आणि त्यावरून हिशेब करून तेच हाड पाच वर्षांनी कसं दिसेल त्याचं चित्र पडद्यावर काढायचं. 'अंदाज', 'शक्यता' हे शब्द खाली बारीक अक्षरांत असायचे. पण चित्र एवढं लख्ख, एवढं खरं, की बारीक अक्षरं वाचतो कोण? खाडीपलीकडच्या एका गृहस्थांनी आपल्या गुडघ्याचा पुढचा फोटो पाहिला आणि दुसऱ्या दिवशी काठी घेतली. गुडघा ठणठणीत होता हो त्यांचा! सोयरीक जमवताना लोक पत्रिकेबरोबर मुलामुलीच्या कण्याचा पुढचा फोटो मागू लागले. डॉक्टरही बदलले. पूर्वी शंका आली की शिरेत औषध टोचून पुन्हा स्कॅन करायचे, सुई घालून बघायचे. आता ते सगळं मागे पडलं.

पूर्वाच्या सासूबाईंना, सुशीलाबाईंना, हा प्रकार मुळीच पटत नसे. "त्यापरीस पावणाईचा कौल बरा गो बाय," त्या म्हणायच्या. "देवी हो सांगते नायतर नाय सांगते. तोंडावर चित्र नाय फेकत."

नियम असा होता, की पेशंटने नको म्हटलं तर पुढचा फोटो त्याला दाखवायचा नाही. तो फक्त डॉक्टरांकडे जायचा. पण मशीन चालवणाऱ्याने डोळे मिटून घ्यावेत असा नियम कुणी केला नव्हता. करायला हवा होता.

त्या वर्षी श्रेयसचं स्कॅन फाल्गुनात यायचं होतं. "शिमग्यानंतर बघू," त्याने सांगून टाकलं. गावच्या पालखीचा पुढचा उजवा खांदा, म्हणजे तिथे खांदा द्यायचा मान, मांडवकरांच्या घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलेला. शिमगा सोडून मशीनमध्ये जाऊन झोपेल तर तो मांडवकर कसला? आणि खरं सांगायचं तर पूर्वालाही तो शिमगा सोडवत नव्हता. पालखी दारात आली, तिने ओटी भरली, ढोल तापले आणि श्रेयस असा काही नाचला की मुंबईहून आलेली माणसं फोन बाजूला ठेवून बघत राहिली. पूर्वाचा ऊर भरून आला होता.

शिमगा आटोपला. मुंबईकर परतले, श्रेयस पुन्हा खाडीतल्या विजेच्या लाँचवर जाऊ लागला. एके सकाळी चहा करताना पूर्वा म्हणाली, "साखरेचा डबा दे रे."

त्याने हात वर केला, डबा काढला, तिच्यासमोर ठेवला. पूर्वा त्याच्याकडे बघतच राहिली.

"काय?"

"पुन्हा ठेव वर."

"का?"

"ठेव तर."

त्याने डबा वर ठेवला, पुन्हा काढला. आवाज नाही.

"अरे वा! मेला वाटतं उंदीर," श्रेयस खूश झाला. "जरा ठणकतं मात्र आत. जाईल."

सुशीलाबाईंनी देवीला हात जोडले. बिनआवाजाचा मुलगा त्यांना बरा वाटला. पूर्वाला मात्र ते बरं वाटेना. इतकी वर्षं घासणारी वस्तू आपोआप घासायची थांबत नाही, तिथे काहीतरी नवीन आलेलं असतं, एवढं तिला मशीनने शिकवलं होतं. त्याच आठवड्यात तिने त्याला स्कॅनला नेलं.

"नेहमीचे प्रश्न," ती पडद्यावरचं वाचत म्हणाली. "ताप?"

"नाही."

"वजन कमी झालंय?"

"तुझ्या हातचं खाऊन? कसं होईल?"

"कुठे पडलास, मार लागला?"

"नाही."

"महिनाभरात खांद्यावर काही ओझं वाहिलंस?"

"संसाराचं."

"श्रेयस!"

"नाही गं बाई, नाही."

पूर्वाने 'नाही'वर बोट ठेवलं आणि मशीन सुरू केलं.

पडद्यावर पातं उमटलं. आत कोंब होता तसाच होता. पण त्याच्या डोक्यावरची टोपी, ती पांढरी रेघ, आता रेघ राहिली नव्हती. कोंबाला वेढून बरगड्यांपर्यंत पांढरा थर पसरला होता. मशीनने शेजारी आकडा टाकला: तेवीस मिलिमीटर. पूर्वाने तो दोनदा वाचला. आणि ती काही करायच्या आत पडद्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागात पुढचा फोटो येऊन उभा राहिला. पाच वर्षांनंतरचं पातं. पातं कसलं, खालची बाजू उरलीच नव्हती. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं काहीतरी बरगड्यांमधून छातीत शिरलं होतं.

"झालं का?" आतून श्रेयसचा आवाज आला. "काय म्हणतो उंदीर?"

"हलू नकोस," पूर्वा म्हणाली. स्कॅन संपलं होतं, हलायला काहीच हरकत नव्हती. पण तिला तोंड पुसायला वेळ हवा होता.

बाहेर येऊन शर्ट घालताना तो म्हणाला, "हे बघ, मला पुढचाबिढचा फोटो सांगायचा नाही हं. तसं लिहून दे तिथे. जे आज आहे ते सांग."

"आजचं डॉक्टर सांगतील," पूर्वा म्हणाली, आणि खोलीतलं काहीबाही उगाच आवरत बसली.

डॉक्टर नाईकवाडींनी दोघांना समोर बसवलं. बाई मुळात कमी बोलणाऱ्या, त्या दिवशी अजूनच कमी बोलल्या. टोपी जाड झाली आहे. हे वय टोपी वाढायचं नाही. तुकडा काढून तपासता येईल, पण अशा गाठीत एका कोपऱ्यात कॅन्सर असतो आणि दुसऱ्यात काही नसतं, सुई चुकीच्या कोपऱ्यात गेली तर फसगत. गाठ पूर्ण काढायची, पात्याच्या खालच्या अर्ध्या भागासकट.

"हात?" श्रेयसने विचारलं.

"हात राहील. लिहाल, जेवाल, लाँचही चालवाल कदाचित. खांद्याच्या वर मात्र जाणार नाही."

श्रेयस थोडा वेळ आपल्या तळव्याकडे बघत बसला. मग म्हणाला, "विचार करून सांगतो, मॅडम."

आणि पूर्वाचे ते दिवस सुरू झाले. काय दिवस होते! श्रेयस अंघोळीची बादली उचलायला गेला की ती धावत जाऊन कडी पकडायची. तो झोपला की ती त्याच्या पाठीकडे बघत राहायची, श्वास मोजल्यासारखी. तो काही विनोद करायचा, ती हसायची, आणि हसता हसताच तिला छातीत शिरलेला तो पांढरा गड्डा दिसायचा. रुग्णालयात ती इतरांचे पुढचे फोटो काढत होती, पण पडद्यावर तिला श्रेयसचंच पातं दिसायचं. कुणाला सांगायचीही सोय नाही. नवऱ्याने नको म्हटलेलं, सासूला सांगावं तर त्या कोसळतील. तिला स्वतःचाच राग येत होता. बघितलंस कशाला? बघायची एवढी काय हौस होती?

एका रविवारी श्रेयस लाँचवरून आला तर स्वयंपाकघरातली वरची फळी रिकामी. साखर, पोहे, सांडगे, सगळे डबे खाली, कमरेच्या उंचीला मांडलेले.

"हे काय?"

"काही नाही. मला वर पुरत नाही."

"आजवर पुरत होतं. नाही पुरलं तर मी होतो." तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "तू पुढचा फोटो बघितलास."

"नाही."

"पूर्वा, तो तुझ्या तोंडावर छापलाय. मी नको म्हटलं त्या दिवसापासून रोज बघतोय मी तो. चहा देतानाही तोच देतेस." त्याचा आवाज चढला. "मी इथे उभा आहे ना? हाड न् हाड शाबूत आहे ना माझं? मग माझ्या पाठीमागे कुणाकडे बघत असतेस सारखी?"

पूर्वाला रडू फुटलं. ती खालीच बसली, डब्यांच्या शेजारी. "मला नाही विसरता येत रे. मी खूप प्रयत्न करते."

श्रेयसही तिच्याशेजारी बसला. साखरेचा डबा बाजूला सरकवत म्हणाला, "सांग नाईकवाडी मॅडमना, तारीख द्या म्हणावं. त्या फोटोला मी घाबरत नाही, खोटं नाही सांगत. पण तुझं हे तोंड मला बघवत नाही."

तारीख मिळाली, चैत्राच्या मध्यावर. श्रेयसने पुढचा खांदा चुलतभावाला देऊन टाकला, गावच्या बैठकीत जाऊन, सगळ्यांसमोर. परत आला तो तसाच लाँचवर निघून गेला. सुशीलाबाईंना गुरवाकडे जाऊन कौल लावा असं शेजारणींनी सुचवलं, तर त्या मान हलवत म्हणाल्या, "नको. नाय म्हटलंन तर काय करू मी?" पूर्वाला सासूबाईंना मिठी मारावीशी वाटली. तेवढी अक्कल तिला त्या दिवशी मशीनसमोर सुचली नव्हती.

ऑपरेशनला आठवडा राहिला होता. सकाळी पहिला पेशंट आला तो पलीकडच्या तालुक्यातला, महेश गोताड नावाचा पन्नाशीचा दणकट गडी, टपाल खात्यातला. खांदा आखडलाय म्हणाला. पूर्वाने यंत्रासारखे प्रश्न विचारले. ताप नाही. मार नाही.

"खांद्यावर ओझं वाहिलंत महिनाभरात?"

"नाय ओ. आमचं काम टेबलावरचं."

त्याने शर्ट काढला. उजव्या खांद्यावर चांगला हातभर काळानिळा पट्टा उमटला होता, कडेने पिवळट पडत चाललेला.

"हे कशाने?"

"हा? दांड्याचा वळ. पालखी नाचवली ना शिमग्यात. दरवर्षीचंच हाय."

"अच्छा, पालखी," पूर्वा म्हणाली. ते तिला इतकं पटलं, की तिचं बोट सरळ 'नाही'वर गेलं. आणि काचेला टेकायच्या आधी जागच्या जागी थबकलं.

"ताई? काय झालं?"

"तुम्ही पालखी... किती वेळ नाचवलीत?"

"अख्खा शिमगा, पार पाडव्यापर्यंत. घरटी नाचवायला लागते."

"मग ओझं वाहिलंत ना, काका!"

महेश गोताडच्या चेहऱ्यावर एकदम नाराजी आली. "देवीच्या पालखीला ओझं म्हणतात होय? कोकणातल्याच ना तुम्ही?"

पूर्वा मट्कन खुर्चीत बसली. कोकणातलीच होती ना ती! म्हणून तर. स्वतःच्या हाताने ओटी भरली, तो नाचताना डोळे भरून बघितला, आणि तरी मशीनसमोर 'ओझं वाहिलंस?' असं विचारून 'नाही'वर बोट ठेवलं. श्रेयस खोटं बोलला नव्हता. तीही खोटं वागली नव्हती. दोघांच्याही मनात तो प्रश्न पालखीपर्यंत पोचलाच नव्हता. अगं बाई गं, काय करून बसले मी!

कारण तिला आता लख्ख कळत होतं. हाड हाडावर सारखं घासलं, वरून भार पडला, की शरीर त्या जागी पाण्याची पिशवी तयार करतं, गादी घातल्यासारखी. म्हणूनच आवाज थांबला असेल! आणि स्कॅनमध्ये पाणीही पांढरं दिसतं आणि कूर्चाही पांढरी. पात्याच्या आणि बरगड्यांच्या चिमटीत दोन्ही एकमेकांना चिकटून असली तर मशीनने तरी ओळखायचं कसं? त्यासाठीच तो प्रश्न होता. ओझं वाहिलं असेल तर मशीन पाण्याची शक्यता धरायचं. नसेल वाहिलं, तर पाणी यायचं कारणच काय? मग ते सगळं पांढरं टोपीच्या खात्यावर जायचं. ज्याने हे मशीन बनवलं त्याने शिमगा बघितला नव्हता.

असेल, नसेल. पूर्वाने स्वतःला बजावलं, नसेलही. तिने महेश गोताडसाठी 'हो' दाबलं, त्याची समजूत घातली, त्याचं काम नीट केलं, आणि बाहेर येऊन श्रेयसला फोन लावला. "लाँच दुसऱ्याला दे आणि निघून ये. आत्ताच्या आत्ता."

श्रेयसने येऊन सगळं ऐकून घेतलं. त्याच्या डोळ्यांत आशा आली, आणि लगेच दुसरंच काहीतरी आलं.

"म्हणजे मी काय सांगायचं मशीनला?"

"ओझं वाहिलं म्हणून."

"पालखीचं?"

"हो."

"नाही सांगणार."

पूर्वाला क्षणभर त्याच्या कानशिलात द्यावीशी वाटली. "अर्धं पातं कापून देशील, पण हे सांगणार नाहीस?"

"तू नाही ना उचललीस, तुला काय ठाऊक!" तो तडकला. मग मशीनच्या फळीवर बसून राहिला, शर्ट मांडीवर घेऊन. पडद्यावर प्रश्न तसाच लुकलुकत होता. पूर्वाने स्वतः 'हो' दाबलं असतं तरी चाललं असतं, पण पुढे मशीन किती, किती वेळ, कुठे टेकलं, दुखलं का, असं सगळं विचारणार होतं, आणि ते त्यालाच ठाऊक होतं. ती थांबली. घाई केली तर हा उठून जाईल, हे तिला कळत होतं.

"जड असते," श्रेयस एकदम म्हणाला, जमिनीकडे बघत. "खूप जड असते, पूर्वा. पहिल्या दिवशी काही वाटत नाही. तिसऱ्या दिवसापासून दांडा हाडात घुसतो. देवीच्या चांदीच्या मुखवट्यांची रूपं चढवली की अजून जड. या वर्षी तर शेवटच्या घरी मला रडू येत होतं आणि लोकांना वाटलं, अंगात आलंय." त्याने नाक ओढलं. "बाबांचा खांदा मी घेतला तेव्हापासून असंच आहे. मला वाटायचं माझीच भक्ती कमी पडते. इतरांना हलकी लागत असणार."

पूर्वाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि दुसऱ्या हाताने 'हो' दाबलं. मशीनने वजन विचारलं. वजन कुणालाच माहीत नव्हतं, पावणाईला काट्यावर कोण ठेवणार? शेवटी श्रेयसनेच अंदाज सांगितला, सिमेंटच्या गोणीवरून.

स्कॅन झालं. तेच पातं, तोच कोंब, तोच पांढरा थर. पण या वेळी मशीनने त्या पांढऱ्यातून एक बारीक रेघ ओढली. टोपी चार मिलिमीटर, बाकी पाणी असण्याची शक्यता. शेजारी पुढचा फोटो यायला लागला तशी पूर्वाने पडद्याकडे पाठ केली.

धावत ती नाईकवाडींकडे गेली. त्यांनी दोन्ही स्कॅन शेजारीशेजारी लावली आणि आकडे पुन्हा पुन्हा ताडून पाहिले.

"पूर्वा, हाड तेच आहे," त्या अखेर म्हणाल्या. "फक्त उत्तर बदललंय. तुम्हाला हवं ते उत्तर तुम्ही दिलंत, आणि मशीनने तुम्हाला हवा तो निकाल दिला, असं मी म्हटलं तर?"

"पालखी मी डोळ्यांनी बघितलीय, मॅडम."

"पालखी खरी असेल. तरीही टोपी जाड असू शकते. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं ना?"

हे पूर्वाच्या मनात आलंच नव्हतं. मग ती म्हणाली, "मग सुई घालून बघा. पूर्वी बघायचात तशी. पाणी असेल तर येईल, नसेल तर नाही येणार. ते तरी माझ्या उत्तरावर नाही ना अवलंबून?"

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "सोनोग्राफीचं जुनं मशीन कुठे ठेवलंय?"

ते अडगळीच्या खोलीत सापडलं. श्रेयसला पालथं झोपवलं, उजवा हात पाठीवर मुडपून घेतला. तसं केलं की पातं बरगड्यांपासून उचललं जातं आणि मधे सुईपुरती फट मिळते. पूर्वा त्याच्या डोक्याशी उभी राहिली. तिने त्याचा डावा हात धरला होता, की त्याने तिचा, कोण जाणे. जागा बधिर केली. सुई आत गेली.

काही आलं नाही.

नाईकवाडींनी सुई किंचित वळवली. पूर्वाला डोळ्यांसमोर रिकामी फळी दिसली. तो गड्डा दिसला. पावणाई, आई गं, तुला ओझं म्हटलं म्हणून नको गं रागावू, ती मनात म्हणत होती. विज्ञान शिकलेली बाई, पण त्या क्षणी तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

"आलं," नाईकवाडी म्हणाल्या.

नळीत गवती चहाच्या रंगाचं पाणी चढत होतं. एक नळी भरली, दुसरी भरली. सोनोग्राफीच्या पडद्यावर तो थर डोळ्यांदेखत बसत गेला, आणि खाली कोंब दिसायला लागला, डोक्यावर पातळ टोपी घातलेला, दोन वर्षांपूर्वी होता तसाच. डॉक्टरांनी टोपी तीनदा मोजली. तीन, चार, तीन मिलिमीटर.

"पाणी तपासायला पाठवते. पण ऑपरेशन रद्द," त्या म्हणाल्या, आणि खुर्चीत मागे टेकल्या. त्यांचाही घाम पुसायचा राहिला होता. "माझ्याकडूनही पालखीचा प्रश्न राहिलाच की. मी तर इथेच जन्मलेय." मग थोड्या वेळाने, "नवा पुढचा फोटो आलाय. बघायचा?"

"नको," दोघं एकदम म्हणाली.

घरी आले तेव्हा सुशीलाबाई पडवीत ओल्या काजूच्या बिया सोलत बसल्या होत्या, हाताला तेल चोपडून. ऑपरेशन रद्द झालं हे कळल्यावर त्यांनी तेलकट हातांनीच मुलाचं तोंड कुरवाळलं, रडल्या, पूर्वालाही जवळ ओढलं. आता बाकीचं सांगायला नको, असं पूर्वाला वाटत होतं. पण श्रेयस बोललाच.

"आई, मी तिथे सांगितलं. पालखी मला जड होते म्हणून. पुढच्या वर्षीही नाही उचलणार."

सुशीलाबाईंचा हात थांबला. या घरात पुढच्या खांद्याला किती मान, हे पूर्वाने लग्नाच्या पहिल्या दिवसापासून बघितलं होतं.

"तुझे बाबा," सुशीलाबाई सावकाश म्हणाल्या, "शिमगा झाला की आठ दिवस पाठ टेकायचे नाय. मी वाळू तापवून शेकायची. काय झालं विचारलं तर म्हणायचे, वारा भरलाय." त्यांनी एक बी उचलली, पुन्हा खाली ठेवली. "दरवर्षी शिमग्यालाच कसा वारा भरतो, ते मी कधी विचारलं नाय. त्यांनी सांगितलंन नाय, मी विचारलं नाय. मेलं असं कसं गो वागलो आम्ही?"

त्यांनी ती बी पुन्हा उचलून सोलली. मग म्हणाल्या, "पावणाईला ठाऊक असणार. तिच्यापासून काय लपतंय? लपवलं ते आपणच एकमेकांपासून." आणि पदराने नाक पुसून, नेहमीच्या आवाजात, "चाय ठेव गो बाय. घसा सुकलाय माझा."

पूर्वा आत गेली. चहाचं आधण ठेवायच्या आधी तिने खाली मांडलेले डबे एकेक करून वरच्या फळीवर चढवले, साखरेचासुद्धा. मग हाक मारली, "श्रेयस, साखरेचा डबा दे रे."

"तूच तर आत्ता ठेवलास वर."

"दे म्हणते ना."

तो आत आला. त्याने जरा जपूनच उजवा हात वर केला, खांद्याच्या वर, फळीपर्यंत.

कट्.

पडवीतून सुशीलाबाईंनी विचारलं, "काय पडलं गो?"

पूर्वाने श्रेयसच्या पाठीवर, पात्यापाशी, गाल टेकला. तिला हसू येत होतं आणि डोळ्यांना धार लागली होती. "कुरकुर रे बाबा," ती त्या उंदराला म्हणाली. "दिवसभर कुरकुर. मी काही म्हणणार नाही."